चिंचिलाचे केस का गळतात?

अँडीजच्या थंड, कोरड्या डोंगरातला हा प्राणी. त्याच्या एकेका केसमुळातून 50हून अधिक केस उगवतात. केस गेले, तर आधी ती जागा नीट पाहा.

• गुळगुळीत, स्वच्छ टक्कल : घाबरून पुंजका सोडला. शिकाऱ्यापासून सुटण्याची ही युक्ती. केस परत यायला काही महिने लागतात.

• कुशीवर कुरतडलेले, आखूड केस : तो स्वतः किंवा सोबती चावतो. ताण, कंटाळा, दुखणे शोधा.

• नाक-डोळ्यांभोवती पापुद्रे : नायट्याची शक्यता. तो माणसालाही लागतो. हातमोजे घाला, पशुवैद्य गाठा.

रोजची काळजी : तापमान 25 अंशांखाली, भरपूर सुके गवत, आठवड्यातून 2-3 वेळा धूळस्नान. पाण्याची आंघोळ नकोच. उचलताना दोन्ही हातांचा आधार द्या.