न आलेल्यांची नोंद

पहाटे साडेपाच

डायलिसिस विभागात पहिलं काम पाण्याचं. मी आरओच्या खोलीत जाते, मोटर चालू करते, पाणी थोडा वेळ वाहू देते आणि मग त्यातलं क्लोरीन आणि क्षार तपासते. मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर द्राव वाहतो, म्हणजे चार तासांत एका रुग्णासाठी १२० लिटर. ते पाणी आणि माणसाचं रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. क्लोरीन राहून गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. वहीत आकडे लिहिल्याशिवाय मी एकही मशीन सुरू करू देत नाही.

आमचं रुग्णालय वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमिनीखालचं पाणी खारं. संग्रामपूर, जळगाव जामोदकडची माणसं आपल्या किडनीच्या आजारासाठी या पाण्याकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मात्र आमच्याकडे मधुमेहाने आणि वर्षानुवर्षं न तपासलेल्या रक्तदाबाने किडनी गेलेलेही पुष्कळ आहेत. पाणी असं असल्यामुळे आरओचे मेम्ब्रेन लवकर निकामी होतात. निधीचा विषय निघाला की सगळे विचारतात, मशीन किती मिळाली? मशीन एकदाच येतं, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. मेम्ब्रेन, कार्बन, सॉफ्टनरचं मीठ हे पुन्हा पुन्हा लागतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. मेम्ब्रेन बसला तर सगळी मशीन एकदम बंद पडतात.

साडेसहा

सोमवार. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले आज येतात. मधे रविवार गेलेला असतो, त्यामुळे अंगात पाणी सगळ्यात जास्त साचलेलं असतं तेही आजच. आधी वजनकाटा. प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरलेलं असतं; त्याच्या वर जे भरेल ते पाणी आणि तेवढं काढायचं.

एक आजी काट्यावर चढल्या. कोरडं वजन ४६ किलो, काटा दाखवतोय पन्नासच्या जवळ. पाय सुजलेले, बोलताना धाप.

"जास्त पानी नाई पेली वं ताई मी," आजी म्हणाल्या.

पाण्याची गोष्ट नव्हती. शुक्रवारी त्या आल्याच नव्हत्या. कापसाची वेचणी चालू आहे. वेचणीचा पैसा किलोवर मिळतो आणि आजींना घेऊन येणारी सून त्यांच्याबरोबर दिवसभर इथे बसते. शुक्रवारी ती वेचायला गेली. मी तिला काही बोलले नाही. ती काट्याकडे बघत होती, तिला कळलं होतं.

साचलेलं सगळं पाणी एकदम काढता येत नाही. वजनाच्या किलोमागे तासाला साधारण १३ मिलिलिटरपर्यंत हृदय सोसतं, त्याच्या वर गेलं की रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात. ४६ किलोच्या बाईचे चार तासांत जेमतेम २.४ लिटर निघतात. उरलेलं बुधवारी, म्हणजे आजी आज घरी जातील त्याही पाणी घेऊनच. चुकलेलं डायलिसिस पुढच्या वेळी भरून निघतं असं घरच्यांना वाटतं, आणि निम्मं काम हा समज काढण्याचंच असतं.

नऊ

सगळे मशीनला लागले. फिस्टुलावर, म्हणजे सुयांसाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर, हात ठेवून थरथर बघितली, सुया टोचल्या, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलं, पहिल्या तासाचे रक्तदाब लिहिले. आता थोडी उसंत.

इथे डायलिसिसची मशीन येण्याआधी इथली माणसं अकोल्याला किंवा थेट नागपूरला जायची. जे जाऊ शकायचे ते जायचे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, जिल्हा रुग्णालयांतून खासगी भागीदारीने डायलिसिस देण्याचा. मशीनच्या काही भागांवरचं आयातशुल्कही त्यात माफ झालं. त्या भाषणात मांडणी अशी होती: देशात दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेल्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, गरजेच्या निम्मीच सोय आहे, एका वेळेचा खर्च सुमारे २,००० रुपये, वर्षाला तीन लाखांच्या वर. आणि पुढे म्हटलं होतं की यासाठी घरच्यांना वारंवार लांबचा प्रवास करावा लागतो, त्यात पैसा जातो आणि मजुरी बुडते.

म्हणजे दुखणं नेमकं ओळखलेलं होतं. पैसा मात्र त्यातल्या एकाच भागावर आला: मशीनवरचे चार तास. त्याने शेकडो माणसं जगली आहेत, माझ्यासमोर जगली आहेत, आणि ते मी कधीच कमी लेखणार नाही. पण प्रवास आणि मजुरी हे दोन मुद्दे त्या भाषणातच राहिले.

साडेदहा

जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र आले, कागद गोळा करायला. रेशनकार्ड, आधार, फोटो, मंजुरीचा अर्ज. आमच्या विभागात रुग्णाला पैसे द्यावे लागत नाहीत; १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. तरी कार्डाचं महत्त्व आहे, कारण आमची मशीन मोजकी आणि यादी लांब. बरेच जण खासगी रुग्णालयात जनआरोग्य योजनेच्या कार्डावर डायलिसिस करून घेतात. तिथल्या कार्डात किती रक्कम आहे त्यावर आमच्या दारातली रांग ठरते. हे बाहेरच्यांना लवकर समजत नाही, म्हणून नीट सांगते.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. आठवड्यात तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. जेटलींच्या भाषणातला २,००० चा दर धरला तर दीड लाखात ७५ वेळा होतं, म्हणजे सहा महिनेही नाहीत. योजनेचा दर त्याहून कमी धरला, हजारच धरला, तरी वर्ष पुरं होत नाही. आणि ही रक्कम एका माणसाची नसते, घराची असते. बापाच्या डायलिसिसमध्ये ती संपली आणि त्याच वर्षी घरात दुसरं कुणी आजारी पडलं, तर त्याच्यासाठी कार्ड रिकामं.

वर्षाच्या उत्तरार्धात म्हणून खासगीकडून माणसं आमच्याकडे यायची. "कार्डातले पैसे सरले," एवढंच सांगायची. आमच्याकडे जागा नसायची. मग आठवड्यात तीनच्या जागी दोन, कधी एक. कुणाचं काय कमी करायचं हे ठरवताना मला जेवण जायचं नाही.

१ जुलै २०२४ पासून ही मर्यादा पाच लाख झाली आणि रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्यांना योजना लागू झाली. आमच्या जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाचा शेतकरी आत्महत्याग्रस्त भाग म्हणून आधीच योजनेत होता. पांढऱ्या कार्डाचा दुकानदार किंवा मास्तर नव्हता. आता तोही आला. पाच लाखांत वर्षभराचं डायलिसिस होऊन घरासाठीही काही उरतं. आमच्याकडची काही माणसं पुन्हा आपल्या गावाजवळच्या खासगी केंद्रात गेली आणि ज्यांना आम्ही दोनवर आणलं होतं त्यांना तिसरा दिवस परत देता आला. मुंबईत निघालेल्या एका आदेशाने इथल्या एका माणसाच्या पायाची सूज उतरली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

उलटंही होतं. योजनेची बिलं तुंबली की खासगी रुग्णालय कार्डाचे रुग्ण घ्यायला नाखूश होतं. थेट नाही म्हणत नाहीत. जागा नाही म्हणतात, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबता न येणारे जे थोडे आजार आहेत त्यातला हा एक. मग ते आमच्याकडे येतात, आणि रांग पुन्हा वाढते.

साडेबारा

पहिली पाळी उतरली. सुया काढून दाबून धरणं, रक्त थांबणं, पुन्हा वजन, पुन्हा रक्तदाब. मशीन निर्जंतुक करायला लावली. बी काविळीच्या रुग्णांचं मशीन वेगळं. आजींनी डबा उघडला, सुनेने आणलेली भाकर आणि दोनदा पाण्यात उकळून पाणी टाकून दिलेली भाजी. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून तसं करायचं असतं, आणि ही सून ते चुकवत नाही.

दोन

दुसऱ्या पाळीत एक तरुण आहे, पंचविशीचा. आई किडनी द्यायला तयार आहे, जुळतेही आहे. पाच लाखांच्या निर्णयात प्रत्यारोपणाची मर्यादाही अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, तेव्हापासून घरात हा विषय पुन्हा निघाला. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदवायचं असतं. याच्याबाबतीत आई असल्याने ती वाट नाही. अडतंय ते पुढच्या औषधांवर. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून रोज, जन्मभर गोळ्या. त्याचा बाप मला विचारतो, "ऑपरेशन होईन ताई, पन गोळ्यायचं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, आणि तो अगदी बरोबर जागी बोट ठेवतो.

आज त्याचं हिमोग्लोबिन साताच्या खाली आलं. निकामी किडनी रक्त वाढवणारं संप्रेरक बनवत नाही, म्हणून ते इंजेक्शनने द्यावं लागतं, जोडीला लोह. मधे काही आठवडे ही इंजेक्शनं आली नव्हती. डॉक्टरांपुढे आता रक्त चढवण्याचा विचार आहे, आणि तो नाखुशीनेच, कारण दुसऱ्याचं रक्त चढवलं की शरीर परक्या पेशींविरुद्ध तयार होतं आणि पुढे प्रत्यारोपण जुळवणं अवघड होतं. डायलिसिसची गणती पूर्ण, कागद स्वच्छ, आणि एका इंजेक्शनपायी आईची किडनीसुद्धा हातची जाऊ शकते. खरेदी थांबवून कुणी पैसे वाचवले असतील, तर ते या पोराच्या खात्यातून वाचले.

चार

न आलेल्यांना फोन. हे काम माझ्या कामांच्या यादीत नाही. दर महिन्याला वर जो अहवाल जातो त्यात रुग्ण किती, डायलिसिस किती झाली, हे असतं. किती व्हायला हवी होती आणि का झाली नाहीत, यासाठी रकाना नाही. त्यामुळे आकडा कमी झाला तर वरून असं दिसतं की मागणीच कमी झाली. मी एक वेगळी वही ठेवली आहे. नाव, तारीख, कारण. काळीपिवळी मिळाली नाही. पोराला सुट्टी नाही. पाऊस, नाल्याला पूर. घरात लग्न. आणि आता, पानामागून पान, वेचणी.

एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाला तिकीट लागत नाही. ही चांगली सवलत आहे. पण पहिल्या पाळीला साडेसहाला पोहोचायचं तर पाचला गाडी हवी, आणि आडगावांतून ती नाही. येताना एकवेळ ठीक, परत जाताना माणूस गळालेला असतो, त्याला फाट्यावर उभं करून बसची वाट बघायला लावणं मला पटत नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरून आणायला आणि घरी सोडायला सरकारी गाडी मोफत मिळते. त्याने काय फरक पडला ते याच रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात जाऊन विचारा. बाळंतिणीचा दिवस आधी नक्की माहीत नसतो. आमच्या रुग्णांचा वार, वेळ, गाव वर्षभराचं ठरलेलं असतं. गाडीचा फेरा आखायला याहून सोपं काय असणार? पुढच्या निधीत एक नवं मशीन की तालुक्यात फिरणारी एक गाडी, असा प्रश्न मला कुणी विचारला, तर मी गाडी मागेन. आढाव्याला आलेल्या साहेबांना मी वही दाखवली होती. त्यांनी शांतपणे चाळली, दोन पानांचे फोटो घेतले. पुढच्या आढाव्याला पुन्हा दाखवीन.

साडेसात

तिसरी पाळी मशीनवर आहे. ही पाळी सुरू झाली ती आणखी एका तंत्रज्ञाचं पद मंजूर झाल्यावर. मशीन तीच, जागा तीच, फक्त एक माणूस वाढला आणि कितीतरी रुग्णांची सोय झाली. आम्ही दोघंही कंत्राटी. त्याने दुसरीकडे नोकरी धरली तर ही पाळी बंद पडेल, म्हणून त्याचा पगार उशिरा झाला की मलाच घोर लागतो.

साठ्याची वही: डायलायझर, नळ्या, सुया, बायकार्बोनेट. लोहाचे डोस संपत आलेत, मागणीपत्र पुन्हा लिहिलं, या वेळी खाली रुग्णांचे हिमोग्लोबिनचे आकडेही जोडले.

आज न आलेल्यांत एक काका होते, मागच्या दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा. मुलाने फोनवर सांगितलं, एकट्यासाठी ऑटो परवडत नाही. त्यांच्या शेजारच्या गावचे एक जण मंगळवारच्या गटात आहेत. त्यांना विचारलं, वार बदलाल का? त्यांनी बायकोला विचारलं आणि होकार दिला; उद्याचं डायलिसिस ठरल्याप्रमाणे करून घेतील आणि शुक्रवारपासून नव्या गटात येतील. मग काकांच्या मुलाला पुन्हा फोन लावला. ऑटो एकच, भाडं निम्मं, शुक्रवारी दोघं पहिल्या पाळीला. पण काकांनी शुक्रवारपर्यंत थांबायचं नाही, उद्या दुसऱ्या पाळीत एक जागा काढली आहे, तिथे कसंही करून आणा.

"किती वाजता निघू ताई?" त्याने विचारलं.

"अकराला निघा. आणि रात्री त्यांना झोपून धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा."