नळीतली सळी

मटणाच्या रश्श्यातली नळी कोणाच्या ताटात पडणार, यावरून आमच्या घरी अजूनही भांडणं होतात. ताटावर ठकठक आपटली की आतला मगज सुटून येतो. आता जरा स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवा. कातडीखाली लगेच हाड लागतं ना? तीही नळीच! भिंती टणक आणि आत मगज.

ही नळी मोडली की मोठी माणसं म्हणतात, "पायात रॉड टाकला." मला लहानपणी वाटायचं, तो बाहेरून बांधत असतील. छे! पायजम्यात नाडी ओवावी तसा तो हाडाच्या पोकळीतच सरकवतात. डॉक्टर त्याला नेल म्हणतात, म्हणजे खिळा. 1939 साली जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंचर या सर्जननं मांडीच्या हाडात असा पोलादी खिळा बसवला. पुढं महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटलेले काही अमेरिकी सैनिक मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या मांडीत हा लांबलचक खिळा बघून तिथले डॉक्टर चक्रावले होते.

नाडी ओवायला नेफ्याचं तोंड सापडावं लागतं. नडगीचं तोंड कुठं? गुडघ्यात, हाडाच्या वरच्या टोकाला, तेही पुढच्या कडेला. म्हणून हा खिळा वरच्या बाजूला किंचित वाकडा असतो. जुनी वाट अशी: गुडघा चांगला वाकवायचा आणि वाटीच्या खालून शिरायचं. पण थांबा, एक प्रयोग करा. खुर्चीत बसून गुडघा वाकवा आणि वाटी हलवून बघा. हलत नाही! आता पाय सरळ सोडून, ढिला ठेवून बघा. कशी डुलते!

वाकवलेल्या गुडघ्यात मांडीचा स्नायू वाटीला आणि तिच्याखालच्या हाडाला ताणून धरतो. हाड गुडघ्याजवळच मोडलं असेल, तर वरचा तुकडा या ओढीनं पुढं उचलला जातो आणि नळीची तोंडं जुळत नाहीत. म्हणून दुसरी वाट निघाली. पाय जवळजवळ सरळ ठेवायचा आणि वाटीच्या वरून, तिच्या मागून खिळा न्यायचा. तुकडे जागेवर राहतात. मात्र ही वाट सांध्यातून जाते, म्हणून आतली गुळगुळीत कूर्चा खरचटू नये यासाठी एका संरक्षक नळीतून काम करतात. नळीत जायला आणखी एक नळी!

शिवाय वाद आहेच: पोकळी आधी कोरून रुंद करायची की नाही? कोरली तर जाड खिळा घट्ट बसतो, पण आतल्या रक्तवाहिन्या दुखावतात. 2008 साली 1226 रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये कोरणं फायद्याचं ठरलं. फाटलेल्यांत तसा फरक दिसला नाही.

पण तुमच्या पायात हा जाडजूड खिळा सहसा घालत नाहीत. तुमची नडगी अजून वाढतेय आणि वाढीची एक पट्टी नेमकी त्या तोंडापाशीच असते. म्हणून फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी वेगळी युक्ती रुळवली. पट्टी चुकवून, दोन बाजूंनी दोन लवचीक सळ्या आत घालायच्या. त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि आतून हाडाच्या भिंतींना रेटा देत मोडलेले तुकडे धरून ठेवतात.