चाळिशी : वय, दृष्टी आणि शब्द

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयाची चाळीस वर्षे, त्या सुमारास जवळचे अंधुक दिसू लागणे आणि त्यावरचा चष्मा अशा तिन्ही अर्थांनी रूढ आहे. बंगालीत ‘चालशे’, तेलुगूत ‘चत्वारम्’. गुजराती मात्र ‘बेताळां’ म्हणत बेचाळिशीचा हिशेब ठेवते.

वस्तुतः ही प्रक्रिया चाळिशीत सुरू होत नाही. डोळ्यातील भिंगाची लवचीकता बालपणापासूनच घटत असते. जवळचे पाहण्यासाठी फुगीर होण्याची त्याची क्षमता उणावत जाते आणि वर्तमानपत्र हातभर दूर धरावे लागते. साठीपर्यंत ही क्षमता जवळजवळ संपते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. येथे ते स्वच्छच असते, म्हणून बहिर्गोल काचेचा चष्मा पुरतो.

चाळिशी ही वाचणाऱ्यांचीच अडचण, हा समज अपुरा आहे. आसामातील चहामळ्यात चाळीस वर्षे व त्यापुढील कामगारांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा स्वस्त चष्मा मिळालेल्यांच्या पानखुडणीत, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्के अधिक वाढ झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ठरावीक वजनाहून जास्त पाने खुडली तरच जादा कमाई, अशी या मळ्यांतील सर्वसाधारण रीत आहे.