टर्कीच्या पिल्लांतील नर-मादी कसे ओळखावेत?

नाताळ जवळ आला की आपल्या परिसरातील काही घरांतून कोंबड्या-बदकांबरोबर टर्की पक्ष्याचीही विचारणा होऊ लागते. काही कुटुंबे हा पक्षी केवळ सणापुरता विकत न घेता वाडीत पाळतात. मागील वर्षी एका विधवा भगिनीने मुलीच्या शिक्षणास हातभार लागावा म्हणून उन्हाळ्यात सहा आठवड्यांची सहा पिल्ले आणली. "दोन नर, चार माद्या" असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. पावसाळा सरता सरता शंका येऊ लागली आणि नाताळात खात्री पटली : पाच नर व एकच मादी! नरांच्या मारामाऱ्यांत दोन पक्षी जायबंदी झाले. एकुलत्या मादीची पाठ नरांच्या नखांनी सोलून निघाली. अंडी विकून चार पैसे मिळतील ही आशा त्या वर्षापुरती तरी मावळली. "फादर, हे आधी कळलं नसतं का?" असा त्या भगिनीचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांत बाहेरून पाहता नर-मादी असा भेद दिसत नाही. मोठ्या उबवणी केंद्रांत प्रशिक्षित माणसे पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून आतील सूक्ष्म फरकावरून निवड करतात. कोंबडीच्या पिल्लांसाठी ही पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी विकसित केली व १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती मांडण्यात आली. हे कौशल्य दीर्घ सरावाने साध्य होते. घरी कोणी त्याचा प्रयोग करू नये. नाजूक पिल्लू त्यात दगावण्याचा संभव असतो.

दुसरी एक समजूत दूर करणे अगत्याचे आहे. पिल्लू पंख खाली सोडून, शेपटी पंख्यासारखी उभारून डौलात चालू लागले की "हा नर" असे लोक सांगून मोकळे होतात. वस्तुतः अगदी लहान वयात हा अभिनय नर आणि मादी दोघेही करतात. प्रौढ मादीही क्वचित शेपटी फुलविते. आमच्या मते त्या विक्रेत्याची फसगत उलट्या अंगाने झाली असावी. ज्या दोन पिल्लांनी त्याच्यासमोर शेपटी फुलविली ती नर ठरली आणि उरलेली चार गरीब पिल्ले आपोआप माद्या!

मग भरवसा कशावर ठेवावा? सर्वांत उपयोगी खूण म्हणजे चोचीच्या मुळाशी, कपाळाच्या बाजूस असलेला मांसल अवयव. त्यास इंग्रजीत स्नूड म्हणतात. लहानपणी तो दोघांतही एखाद्या बारीक गाठीसारखा दिसतो. साधारणतः दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान नराचा स्नूड बुडाशी जाड होऊन लांबू लागतो. पुढे तो चोचीवरून खाली लोंबतो, आणि पक्षी घाबरला की आखडून लहान होतो. मादीचा मात्र आखूड व बारीकच राहतो. म्हणून पक्षी हातात धरून, भेदरलेल्या अवस्थेत स्नूड पाहू नये. दाणा टिपत निवांत फिरत असताना थोडे दूर उभे राहून पाहावे.

या अवयवाचे एक सुरस वर्णन आपल्या देशातच झाले आहे. बादशहा जहांगीर याच्या आज्ञेवरून मुकर्रब खान गोव्यास गेला व तेथून त्याने जे दुर्मीळ प्राणी आणले, त्यांत १६१२ साली एक टर्की होता. स्नूड कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो आणि कधी गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो, हे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. डोके व मान यांचे पालटणारे रंगही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. त्याचा चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाचे वर्णन वाचल्यावर तो पक्षी नर होता याविषयी संदेह राहत नाही. (या पक्ष्याचे मूळ मेक्सिकोतले. तरी इंग्रज त्याला टर्की म्हणतात, तुर्क लोक 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'! आपण मात्र पेरू म्हणजे फळच समजतो.)

स्नूडबरोबर डोके आणि मान न्याहाळावी. नराच्या डोक्यावरील पिसे विरळ होत जातात, कातडी उघडी पडते, गळ्याभोवती लालसर मांसल गाठी दाटतात आणि रंग निळा, तांबडा, पांढरा असा पालटत राहतो. मादीच्या डोक्यावर व मानेच्या मागील बाजूस बारीक पिसे अधिक राहतात, गाठी कमी असतात. कांस्यवर्णी जातीत आणखी एक सोय आहे. तीन-चार महिन्यांनंतर येणाऱ्या पिसांत मादीच्या छातीवरील पिसांना फिकट पांढरी कड असते, तर नराच्या पिसांची टोके काळी असतात. शुभ्र जातीत अर्थातच ही खूण निरुपयोगी ठरते.

नराचे पाय जाड व लांब असतात आणि वजनही झपाट्याने वाढते. परंतु ही तुलना एकाच जातीच्या व एकाच वेळी उबविलेल्या पिल्लांतच करावी. प्रत्येक पिल्लाच्या पायात निराळ्या रंगाची सैलसर कडी घालून दर पंधरा दिवसांनी वजन वहीत टिपले, तर चौथ्या महिन्यापर्यंत दोन गट बहुधा उघड होतात. छातीवरील केसांच्या झुपक्यास दाढी म्हणतात. ती उशिरा येते आणि काही माद्यांनाही येते, म्हणून एकट्या दाढीवर विसंबू नये. गळा काढून केलेला तो परिचित 'गबल-गबल' आवाज मात्र नराचाच.

त्या भगिनीला शेजाऱ्यांपैकी कोणी "तुझं नशीबच तसं" असे म्हटल्याचे कानी आले. येथे नशिबाचा काय संबंध? नर व मादी यांची शक्यता समसमान धरली, तर सहा पिल्लांत पाच किंवा सहा नर निघण्याची शक्यता ६४ पैकी ७ असते, म्हणजे दर नऊ घरांपैकी एका घरी असे घडू शकते. जाता जाता आणखी एक गोष्ट. पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. मनुष्यांत ते पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. तरीही मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आमच्या धर्मग्रामांत अजून आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

तेव्हा पैदाशीसाठी पिल्ले घेताना पाच माद्यांमागे एक नर हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवून गरजेपेक्षा काही पिल्ले अधिक घ्यावीत, किंवा थोडी अधिक किंमत देऊन चार महिन्यांचे, ओळख पटलेले पक्षी घ्यावेत. ओळख पटताच जादा नर वेगळे करावेत. ते नाताळास विकता येतात, म्हणजे नुकसानही होत नाही. पैदाशीच्या नराची नखे बोथट करून ठेवावीत. टर्की कोंबड्यांसोबत एकाच खुराड्यात ठेवू नयेत, कारण कोंबड्यांकडून त्यांना यकृताचा घातक रोग जडू शकतो.

त्या भगिनीने तीन नर विकून टाकले आणि एक दुसऱ्या घरी देऊन त्याच्या बदल्यात दोन माद्या आणल्या. या वेळी तिने त्या घेण्यापूर्वी अर्धा तास कुंपणाबाहेर उभे राहून त्यांची डोकी न्याहाळली. पाठ सोललेली मादी आता बरी झाली असून तिला नवी पिसे फुटली आहेत.