जुना गुन्हा, नवा कायदा

शिक्षा भोगून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगाराने पोलिसांकडे नोंद करीत राहावे, ही नवी शिक्षाच नव्हे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली अलास्का राज्याच्या खटल्यात ‘नव्हे’ असे उत्तर दिले. ही समाजरक्षणाची तजवीज, सबब जुन्या गुन्ह्यांनाही लागू. ओहायओ राज्याने २००७ साली याच्याही पुढे मजल मारली. न्यायाधीशांनी ठरविलेला गुन्हेगाराचा वर्ग अ‍ॅटर्नी जनरलने बदलावयाचा! दहा वर्षे, वर्षातून एकदा नोंद करणाऱ्या कित्येकांवर जन्मभर, दर नव्वद दिवसांची हजेरी आली. अशांची कणव कोणास येणार? तरीही २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे फेरवर्गीकरण रद्द केले. न्यायालयाचा अंतिम निर्णय शासनाने फिरवावा, हे त्यास मान्य नव्हते. पुढल्याच वर्षी त्याने हा कायदा शिक्षारूपच ठरविला आणि कायद्यापूर्वीच्या गुन्ह्यांस तो लावणे राज्यघटनेविरुद्ध असल्याचा निवाडा दिला.