पंधरा कप आणि एक कप

मोठ्यांनी सांगितले म्हणून मूल चांगले-वाईट मानते, ही समजूत फार जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी तिची पद्धतशीर तपासणी केली. गोट्या खेळणाऱ्या मुलांना ते खेळाचे नियम विचारत आणि छोट्या गोष्टी सांगून दोष कोणाचा हे ठरवायला लावत. त्यांचे या विषयावरचे पुस्तक 1932 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका गोष्टीत दार उघडताना मागे ठेवलेल्या ट्रेला धक्का बसतो आणि एका मुलाच्या हातून पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नसताना गुपचूप जॅम काढायला जातो आणि त्याच्याकडून एकच कप फुटतो. जास्त वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुले बहुधा पंधरा कप फोडणाऱ्याचे नाव घेत. नऊ-दहा वर्षांची मुले हेतू पाहत.

यावरून पियाजे यांनी निष्कर्ष काढला, की लहान मुलाची नीती आधी मोठ्यांच्या धाकावर उभी असते आणि सवंगड्यांशी बरोबरीच्या नात्याने वागता-भांडता ती स्वतंत्र होते. यातला दुसरा भाग आजही मोलाचा आहे. पहिल्या भागात मात्र मुलांवर अन्याय झाला. गोष्टीतले नुकसानच इतके विषम होते, की हेतूकडे लक्ष जाणे कठीण होते. हेतू चित्रांतून स्पष्ट दाखवला, तर तीन वर्षांची मुलेही तो विचारात घेतात, असे पुढच्या प्रयोगांत दिसले.

हेतू ओळखायला दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कळावे लागते. दुसऱ्याची समजूत आपल्यापेक्षा वेगळी, अगदी चुकीचीही असू शकते, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास नीट उमगते. मेलनी किलेन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मुलांना एक प्रसंग सांगितला. वर्ग आवरताना एक मूल कागदी पिशवी कचऱ्यात टाकते. आत दुसऱ्याचा केक आहे, हे त्याला ठाऊक नसते. ज्यांना इतरांच्या मनाची जाण अजून आलेली नव्हती, ती मुले त्याने मुद्दाम वाईट केले असे समजण्याकडे झुकत. बालवाडीतली कितीतरी भांडणे याच जागी पेटतात.

मुलांची खरी सूक्ष्म दृष्टी दिसते ती नियमांबाबत. एलियट ट्युरिएल, लॅरी नुची आणि ज्युडिथ स्मेटाना यांनी मुलांना विचारले, की बाईंनी परवानगी दिली, किंवा तसा नियमच नसला, तर अमुक वागणे चालेल का? खेळणी जागेवर न ठेवणे चालेल, असे मुले म्हणत; पण दुसऱ्याला मारणे परवानगी असली तरी वाईटच. हा फरक तीन-चार वर्षांच्या वयात दिसू लागतो. तो कुठून येतो, याचाही माग बालवाड्यांतील निरीक्षणांत लागला. कोणी मारले, की मार बसलेले मूल रडते, तक्रार करते, दुखल्याचे सांगते. खेळणी पसरली, तर सहसा मोठी माणसेच बोलतात. म्हणजे एका बाबतीत कारण मुलाच्या डोळ्यांसमोर असते, दुसऱ्या बाबतीत ते कोणीतरी सांगावे लागते.

ही सीमारेषा सगळीकडे सारखी आहे का, यावर मोठा वाद झाला. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी 1987 मध्ये ओडिशातील भुवनेश्वर आणि शिकागो येथील मुलांची व मोठ्यांची मते तुलनेसाठी प्रसिद्ध केली. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाने केस कापून कोंबडी खाणे भुवनेश्वरमध्ये गंभीर पाप ठरले. शिकागोत त्यात कोणाला गैर वाटले नाही. ट्युरिएल यांच्या बाजूचे उत्तर असे, की ओडिशातील माणसेही इजेचाच विचार करत होती, फक्त ती इजा मृताच्या आत्म्याला पोहोचते अशी त्यांची श्रद्धा होती. हे उत्तर वजनदार आहे, तरी त्याने आचार-सोवळ्याचे सगळे जग उलगडत नाही.

वाटणीचा न्याय सावकाश येतो. स्टिकर सारखे वाटले पाहिजेत, असे तीन वर्षांचे मूल सांगते, पण स्वतःकडे जास्त ठेवते. आणि आपण तसेच करणार, हेही त्याला आधीच माहीत असते. सात-आठ वर्षांपर्यंत बोलणे आणि करणे जुळू लागते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह सात देशांतील मुलांच्या जोड्यांना गोळ्यांची विषम वाटणी देऊ केली. निवड करणाऱ्या मुलाने ती नाकारली, तर दोघांनाही काही मिळत नसे. आपल्याला कमी मिळते म्हणून नाकारणारी मुले सातही देशांत आढळली. आपल्याला जास्त मिळते म्हणून नाकारण्याची वृत्ती मात्र फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडा येथील थोड्या मोठ्या मुलांत दिसली.