प्रोसेसर तोच, लॅपटॉप दोन, वेग मात्र वेगळा: असं का होतं?

लॅपटॉप घेताना आपण बहुतेक जण एकच गोष्ट विचारतो: "आय-५ आहे की आय-७?" इंजिनीअरिंगच्या ॲडमिशन सुरू झाल्या की मलाही असेच मेसेज येतात, सोबत दोन लॅपटॉपचे स्क्रीनशॉट. साठ-सत्तर हजारांचा प्रश्न असतो, पैसे बहुतेक वेळा आई-बाबांचे असतात आणि पुढची चार वर्षं त्याच मशीनवर काढायची असतात. म्हणून आधीच सांगतो, पातळ आणि हलक्या लॅपटॉपच्या बाबतीत हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: तो प्रोसेसर किती वॉटवर चालणार आणि त्याची उष्णता बाहेर कशी जाणार?

फोनमध्ये हे तुम्ही पाहिलेलं आहे

फोनवर एखादा जड गेम लावला की पहिली काही मिनिटं सगळं झकास चालतं. मग फोनची पाठ तापते, गेम अडखळायला लागतो, कधी कधी स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप कमी होतो. फोन बिघडलेला नसतो. चिप ठरावीक तापमानाच्या वर जाऊ नये म्हणून ती स्वतःच आपला वेग कमी करते. याला म्हणतात थर्मल थ्रॉटलिंग. लॅपटॉपमध्येही नेमकं हेच होतं.

वॉट म्हणजेच उष्णता

प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब आठवा. थोडा वेळ चालू राहिला की त्याला हात लावायची सोय नसायची. आता तेवढीच उष्णता नखाएवढ्या चिपमधून, दीड सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची आहे. अवघड आहे ना?

त्यात वेग वाढवायची किंमत सरळ हिशेबात वाढत नाही. क्लॉक स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेब करू. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी वाढवले, तर १.२ × १.२ × १.२, म्हणजे वीज आणि उष्णता सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. याची दुसरी बाजू चांगली आहे. वीज निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही, या हिशेबाने साधारण २० टक्केच कमी होतो. पातळ लॅपटॉप आज वापरण्याजोगे आहेत ते यामुळेच.

आय-५ आय-७ ला मागे टाकू शकतो

इंटेलच्या १२व्या पिढीतले दोन प्रोसेसर घ्या. आय-७ १२५५यू आणि आय-५ १२४०पी. नाव ऐकून कुणीही पहिला निवडेल. आता आत बघू.

आय-७ १२५५यू: २ मोठे आणि ८ छोटे कोअर, बेस पॉवर १५ वॉट, कमाल टर्बो ५५ वॉट.
आय-५ १२४०पी: ४ मोठे आणि ८ छोटे कोअर, बेस पॉवर २८ वॉट, कमाल टर्बो ६४ वॉट.

टर्बो म्हणजे थोड्या वेळासाठीची धाव. ॲप उघडणं, वेबपेज लोड करणं अशा कामांत ती पुरते. पण अर्ध्या तासाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा किंवा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायचा असेल, तर प्रोसेसर सतत किती वॉट टिकवू शकतो हे महत्त्वाचं. तिथे चांगलं कूलिंग मिळालेला आय-५ १२४०पी आरामात पुढे जातो. म्हणून आय-५, आय-७ च्या पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर वाचायची सवय लावा. या पिढीत यू म्हणजे कमी वीज, पी म्हणजे मधला आणि एच म्हणजे ४५ वॉट बेस पॉवरचा दमदार गट.

अजून एक मेख आहे. प्रत्यक्षात किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे अगदी तोच प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये सतत १५ वॉटवर चालतो, तर दुसऱ्यात २५ वर. बॉक्सवरचं स्टिकर दोन्हीकडे सारखंच!

उष्णता बाहेर जाते कशी?

चिपवर तांब्याची हीट पाइप बसवलेली असते. ती आतून पोकळ असते आणि तिच्यात थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाते, तिथे उष्णता सोडून परत द्रव होते आणि पाइपच्या आतल्या जाळीतून चिपकडे परत येते. थंड टोकाला धातूच्या बारीक पट्ट्या असतात आणि फॅन त्यांच्यातून हवा ढकलतो.

लॅपटॉप पातळ केला की फॅन पातळ होतो, पट्ट्या लहान होतात, हवेला वाट कमी मिळते. मग तेवढीच हवा ढकलायला फॅन जोरात फिरवावा लागतो आणि आवाज वाढतो. शिवाय फक्त चिप सांभाळून भागत नाही, मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपने चटका बसायला नको. एएमडीच्या एका तंत्राचं नावच ‘स्किन टेम्परेचर अवेअर पॉवर मॅनेजमेंट’ आहे. बाहेरचा पृष्ठभाग किती तापेल याचा अंदाज घेऊन ते वीज कमी-जास्त करतं.

फॅन असला आणि नसला तर

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲपलचं. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिपचे दोन लॅपटॉप आणले: मॅकबुक एअर आणि १३ इंची मॅकबुक प्रो. दोन्हींत ८ कोअरचा तोच सीपीयू. प्रोमध्ये फॅन, एअरमध्ये फॅनच नाही. छोट्या कामांत दोघांत फरक कळत नाही. जड काम सलग चालू ठेवलं की काही मिनिटांनी एअर वेग कमी करतो, प्रो मात्र टिकून राहतो.

म्हणून एअर वाईट का? अजिबात नाही. नोट्स, ब्राउझिंग, कोडिंगचा सराव, लेक्चर बघणं, यात चिप बराच वेळ निवांतच असते. लायब्ररीत शून्य आवाज हा उलट फायदा आहे.

आपल्याकडचा उन्हाळा

उष्णता बाहेर जाण्याचा वेग चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. वर सांगितलेल्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. एसीच्या २२ अंशांच्या खोलीत फरक ७८ अंशांचा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोली ४२ अंशांवर गेली, तर फरक उरतो ५८. म्हणजे तेच कूलिंग सुमारे पाव उष्णता कमी फेकणार. एसी रूममध्ये केलेल्या रिव्ह्यूचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

घेण्याआधी काय बघायचं?

१. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि बेस पॉवर शोधा.

२. त्याच मॉडेलचा असा रिव्ह्यू बघा ज्यात सतत किती वॉट टिकतात हे दाखवलंय. सिनेबेंच आर२३ ही टेस्ट मुळातच १० मिनिटांची असते. ती लागोपाठ चालवल्यावर स्कोअर किती पडतो ते बघा. एकदाच चालवलेल्या छोट्या टेस्टवर जाऊ नका.

३. हवेची जाळी कुठे आहे ते पाहा. खाली असेल तर गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरता येणार नाही.

४. आधीच लॅपटॉप घेतला असेल तर जड कामाच्या वेळी तो टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला, जाळीतली धूळ साफ ठेवा आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड तपासा.

रोज बॅगेतून न्यायचा आणि कामं हलकी असतील, तर पातळ लॅपटॉप बिनधास्त घ्या, यू गटातला आय-५ पुरतो. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा जड कंपाइलिंग रोजचं असेल, तर आय-७ च्या स्टिकरसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी ते अर्धा किलो जास्त वजनाच्या, चांगल्या कूलिंगच्या लॅपटॉपवर घाला.